अकरा टॅक्सी आणि एक चौक

वाइकुरू,
५ फेब्रुवारी २०१८

चि. शायलला मामाचे आशीर्वाद.

पार्सल मिळालं. बनियन दोन नंबरांनी मोठे आहेत, पण चालतील, टॅक्सीत कोण बघतंय. गुडघा बरा आहे. साखर बरी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू फोन करून ओरडणार नाहीस. फोनवर माझाही आवाज चढतो. कागदावर निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

आता मुद्द्याचं. मार्केटमागच्या पार्किंगला कौन्सिलनं बोर्ड लावलाय. पार्किंग बंद करून तिथे चौक करणार. ‘लोकांचा चौक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, जसं काय आजवर तिथे बकऱ्या बांधल्या होत्या. खाली रंगीत चित्र आहे. त्यातली माणसं सगळी सडपातळ, एकाच्याही हातात पिशवी नाही. एक बाई कुत्र्याला दोरी लावून फिरवतेय. मी एकोणतीस वर्षं त्या जागेवर टॅक्सी लावतोय, अशी बाई मला एकदाही दिसलेली नाही. आणि मधोमध कारंजं. बरोबर तिथेच, जिथे आमच्या स्टँडची शेड आहे.

स्टँडवरचा तोमासी बोर्ड वाचायला उभा राहिला. मग म्हणाला, "शिउ, ह्यात मी कुठाय रे?"

म्हटलं, "कारंज्याच्या खाली. पोहायला शिक."

हसण्यावारी नेलं खरं, पण अकरा गाड्यांची अकरा घरं आहेत. शेड काय, चार खांब आणि पत्रे. दोन बाकं, मध्ये यांगोनाचं पेय कालवायची लाकडी तानोआ. पण गिऱ्हाईकाला ठाऊक असतं, टॅक्सी हवी तर शेडमध्ये जायचं. ती गेली की आम्ही गेलो. स्टँडचा अध्यक्ष म्हणून हरकतीचा अर्ज मलाच लिहायचाय, मार्चअखेरची मुदत आहे. तू इमारतींचे नकाशे काढायला शिकलीस, तुझंच काम हे. त्या चित्रातल्या चुका काढून मला यादी करून दे. तुझी भूमितीसुद्धा त्याच स्टँडवर पक्की झाली, माझ्या मागच्या सीटवर. गिऱ्हाईक आलं की वह्या कवटाळून पुढे यायचीस.

सुवात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा हा जो कोण शहाणा आहे, त्याला दाखवून देऊ.

तुझा
शिउमंगल मामा


सुवा,
९ फेब्रुवारी

मामा, पाया पडते.

बनियन परत पाठवा, बदलून देते. साखरेचं आधीच सांगितलंत, तरी फोन करून ओरडणार आहे.

चौकाचं. रागावू नका, पण ते चित्र मला एवढं वाईट नाही वाटलं. कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहिलं. चित्रात घालायची माणसं कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात, सडपातळच मिळतात, त्याला काढणारा काय करणार? जागेचा विचार करा. तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतात, त्यातल्या तीस सकाळी येतात त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. आणि शुक्रवार-शनिवारी बायका त्या गाड्यांच्या फटीत पोती अंथरून बसतात. एक गाडी मागे आली की भेंडी-मिरची उचलून पळायचं. चौक झाला तर त्यांना हक्कानं बसता येईल, पोराबाळांना धावायला जागा होईल. आपल्या गावात नुसतं बसायला जागा कुठे आहे, सांगा बरं. एक तर विकत घ्या, नाहीतर निघा.

टॅक्सींचंही वाटतं तेवढं वाईट नाही. बँकेमागच्या गल्लीत अकराच्या अकरा गाड्या बसतील. तिथून बस स्टँडही जवळ पडतो.

चुकांची यादी मला जमेलसं वाटत नाही. ऑफिसात सध्या फार काम आहे.

तुमची
शायल


वाइकुरू,
१४ फेब्रुवारी

चि. शायल, आशीर्वाद.

बोर्डावर बँकेमागच्या गल्लीचं नाव नाही. दोनदा जाऊन वाचलं, तोमासीलाही वाचायला लावलं. वेबसाइटवरही नाही. बँकेतल्या मुलीनं मला ती उघडून दाखवली. मग कौन्सिलात गेलो. तिथला बाबू दचकलाच. म्हणाला, "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते अजून आमच्या आणि डिझाइनवाल्यांच्या फायलीतच आहे."

आणि चित्र काढणाऱ्याचा तुला एवढा कळवळा का, हेही कळेना.

अंदाज मला करता येतो, पण करणार नाही. तू लिही. खरं लिहिणार असशील तर लिही.

मामा

साखर तपासली. उतरली आहे.


सुवा,
२८ फेब्रुवारी

मामा,

दोन आठवडे हे पत्र लिहून फाडतेय. ते चित्र मी काढलं. कंपनीचं नाव खाली आहे, पण पेन्सिल माझी. तुमच्या शेडवर कारंजं मीच ठेवलं.

काम आमच्या ऑफिसात आलं तेव्हा मी स्वतःहून मागून घेतलं. का, ते सांगते. शाळा सुटली की मी आईला शोधत पार्किंगमध्ये यायचे. ती उभी कधी दिसलीच नाही. दोन गाड्यांच्या मध्ये, बंपरच्या उंचीवर तिचं डोकं दिसायचं. हॉर्न वाजला की ती पोत्याची चार टोकं एका हातात धरून उठायची, माझ्याकडे बघून हसायची आणि पुढच्या फटीत जाऊन बसायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की ह्या सगळ्या गाड्या इथून हाकलीन. लहानपणी ठरवलेलं माणूस करत नाही म्हणतात. मी केलं.

तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमच्या ‘नाही’पुढे माझा हात चालला नसता. बाकी सगळ्यांना विचारलं. जमीन इथल्या ज्या मूळ कुळाची आहे त्यांच्या गावात आम्ही रीतसर परवानगीचा सेवुसेवु घेऊन गेलो, मुखियापुढे मांडी घालून बसलो, यांगोनाच्या मुळांची जुडी भेट ठेवली. त्यांनी ती घेतली, तेव्हाच मी पहिली रेघ मारली. भूमिपूजनाला पंडित येणार आहेत, प्रार्थनेला पास्टर येणार आहेत. कुणाला डावललं असं होऊ नये म्हणून मी यादीच केली होती.

ठेकेदाराशी करार झालाय. आता मी नको म्हटलं तरी थांबणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते थांबायला नकोय. अर्ज जरूर करा. तुमचा हक्क आहे.

शायल


वाइकुरू,
६ मार्च

शायल,

अर्ज लिहून तयार होता, चार पानं. फाडला. आपलेच दात, आपलेच ओठ. भाचीच्या कामावर हरकत घेणारा मामा म्हणून मला गावात मिरवायचं नाही. काल आम्ही शेड उतरवली. बाकं आणि तानोआ बँकेमागे नेली. पत्रे तोमासीच्या आवारात रचून ठेवलेत.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. तू सहावीत असताना तुझी आई ‘पायरीवरून पडली’ होती, आठवतं? कपाळाला टाके पडले होते. ती पायरीवरून पडली नव्हती. मार्चचं ऊन, भर दुपार, पार्किंगमध्ये चक्कर आली आणि तोमासीच्या बंपरवर आपटली. तुला कळलं असतं तर तू तिला मार्केटला जाऊ दिलं नसतंस, म्हणून तिनंच आम्हाला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चार खांब रोवले, साखर कारखान्याचे जुने पत्रे मागून आणले. ड्रायव्हरला शेड कशाला लागते? त्याच्या डोक्यावर गाडीचं छप्पर असतंच. ती शेड तिच्या पोत्यासाठी होती. दुपारी बारा ते तीन ती तिथे बसायची. मग बाकीच्या बायकाही येऊ लागल्या, आणि आम्हीही. तुझी आई वारली, तरी बसायची सवय राहिली.

तुझ्या यादीत मुखिया होते, पंडित होते, पास्टर होते. ठीक आहे.

काही दिवस पत्र पाठवू नकोस.

मामा


सुवा,
३० जुलै

मामा, पाया पडते.

‘काही दिवस’ म्हणजे किती ते तुम्ही लिहिलं नव्हतंत. मी पाच महिने धरले. मार्चचं तुमचं पत्र पर्समध्येच ठेवलंय. 

उद्घाटनाला तुम्ही नव्हतात. अळूकंद विकणाऱ्या वासेमाका मावशींनी सांगितलं, तुम्ही भाडं घेऊन नांदीला गेलात.

हे पत्र दुसऱ्या कारणासाठी लिहितेय. गेल्या शनिवारी मी वाइकुरूला आले होते. घरी आले नाही, क्षमा करा. सकाळी नऊ ते अकरा चौकात बसले. ऑफिसात आमच्या तक्त्यावर त्या वेळेला दोनशे माणसं लिहिली आहेत. मी मोजली, एकोणतीस. बसलेली दोघं, त्यातली एक मी. बाकीचे चालत पार झाले, तेही कडेकडेनं, लग्नात जेवायच्या आधी रिकाम्या पंगतीतून जातात तसे. कारंज्याचा पंप दुसऱ्याच आठवड्यात बंद पडला म्हणे, त्यात चिप्सची पाकिटं होती. आणि ज्या बायकांसाठी मी हे सगळं केलं त्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, बसगाड्यांच्या धुरात बसल्या होत्या. मी एकीला विचारलं, चौकात का नाही बसत? ती म्हणाली, "छान आहे की. फार छान आहे." आणि मिरच्या निवडायला लागली.

परतताना बँकेमागच्या गल्लीतून गेले. पाच गाड्या होत्या. अकरा नाही. तुम्ही सीट मागे पाडून झोपला होतात, नवा बनियन घातला होता. मी उठवलं नाही.

कौन्सिल म्हणतं, तीन महिन्यांत माणसं आली नाहीत तर परत पार्किंग करू. मला त्याची भीती वाटते, हे खरं. पण त्याहून जास्त मला हे कळत नाहीये की चुकलं कुठे. तुम्हाला कळत असेल तर सांगाल का? फेब्रुवारीत तुम्ही माझ्याकडे चुकांची यादी मागितली होती. आता मी मागते.

शायल


वाइकुरू,
४ ऑगस्ट

चि. शायल, आशीर्वाद.

तू येऊन न भेटता गेलीस, हे मला त्याच दिवशी वासेमाकाकडून कळलं. ती म्हणाली, "तुझी भाची दोन तास उन्हात बसून माणसं मोजत होती, डोक्यावर टोपीसुद्धा नाही." मी झोपलो नव्हतो. तू गल्लीच्या तोंडाशी दिसलीस आणि मी डोळे मिटले. तेव्हा फिट्टंफाट झाली. नांदीलाही मी गेलो नव्हतो. उद्घाटनाचा बँड इथे गल्लीत ऐकू येत होता.

आता यादी. पहिलं म्हणजे ऊन. तुझ्या त्या पांढऱ्या छत्र्या दिसायला सुंदर, पण दुपारी बाराची सावली छत्रीच्या दांड्याला चिकटून असते, तिच्यात कोंबडीही बसणार नाही.

पण खरं कारण ऊन नाही. बाई पोतं टाकून बसते ती शेजारी कुणाला तरी ओळखून. तिला लघवीला जायचं असतं, पोराला बसमध्ये बसवायचं असतं, नोटेचे सुट्टे करून आणायचे असतात. तेवढा वेळ तिच्या मालाकडे कोण बघायचं? आम्ही. अकराजण दिवसभर रिकामटेकडे, त्यामुळे शेडमध्ये तीन-चार तरी कायम. कुणाची सासू कुठल्या बसनं येणार, कुणाचा नवरा पिऊन आलाय, कोण पैसे न देता सटकलाय, सगळं आम्हाला ठाऊक. त्याला काम म्हणतात हे आम्हालाही माहीत नव्हतं. वासेमाका म्हणते, चौकात बसलं की दुसऱ्याच्या घरी मालक नसताना शिरल्यासारखं वाटतं. माणूस बसतो तो आधी कुणी बसलेलं असेल तिथे. पहिला कोण बसणार?

तू गाड्या काढल्यास, ते बरोबर केलंस. चाळीस गाड्यांचं मला काही वाटत नाही. गाड्यांबरोबर माणसंही पुसलीस.

गाड्या पाच का, तेही सांगतो. सहाजणांनी स्टँड सोडला. बँकेमागे गिऱ्हाईक फिरकत नाही. बँकेतून बाहेर पडणाऱ्याकडे स्वतःची गाडी असते. दोघं उसाच्या तोडणीला गेले, बाकीचे कुठे कुठे. मीही दिवाळीपर्यंत बघणार, मग गाडी विकणार. हे लिहिणार नव्हतो, पण तू मोजून गेलीसच.

मामा


सुवा,
२० ऑगस्ट

ती. शिउमंगल मामा, तोमासी काका आणि स्टँडवरच्या सर्वांना,

ह्या पत्राबरोबर बसनं एक जुडी येईल. वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे, लाल रिबन बांधलीय. कादावू बेटावरची यांगोना आहे, मुळं जाड आहेत, मी स्वतः निवडलीत. सेवुसेवु पार्सलनं पाठवायचा नसतो हे मला कळतं. तो समोर मांडी घालून ठेवायचा असतो. पण तो घ्यायचा की परत करायचा हा तुमचा अधिकार, आणि तुम्ही परत केलात तर ते तोंडावर ऐकायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून मामा, हे तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा:

मी शायल, बसंतीची मुलगी. ह्या जागेवर तुम्ही माझ्या आधीपासून बसला आहात. मी न विचारता आत आले, आणि तुमचं छप्पर काढलं. ही जुडी फार लहान आहे. ती घ्यावी, आणि मला आत येऊ द्यावं.

एवढंच.

कौन्सिलशी पंधरा दिवस भांडले. कारंजं बुजवायला ते तयार आहेत, तो पंप तसाही त्यांच्या डोक्याला ताप झालाय. त्या जागी शेड उभी राहील. तुमचे पत्रे, तुमचे खांब. चौकाच्या रस्त्याकडच्या कडेला तीन टॅक्सी उभ्या राहतील, पाळीपाळीनं, बाकीच्या गल्लीत. तीनच्या चार करून बघितल्या, नाही जमल्या. पण शेड तुमच्याशिवाय उभी करणार नाही, हे मी त्यांना लेखी दिलंय. तुम्ही नाही म्हणालात तर तिथे पुन्हा पार्किंग होईल, आणि ते कागद मी सही करून देईन.

शायल


वाइकुरू,
२६ ऑगस्ट

चि. शायल, अनेक आशीर्वाद.

जुडी मंगळवारी मिळाली. तीन दिवस मी ती टॅक्सीच्या डॅशबोर्डवर ठेवली. खोटं कशाला सांगू, राग होता. तुझा कमी, माझा मलाच जास्त. पोरगी सेवुसेवु करायला मामाला घाबरते, म्हणजे मामानं काही कमावलं नाही, असं वाटत राहिलं. शुक्रवारी तोमासी खिडकीतून आत वाकला.

"घ्यायची तर घे, नाहीतर आल्या बसनं परत कर. आलेली यांगोना अशी ठेवत नाहीत. मिरच्या आहेत का त्या, वाळत घातल्यास?"

मी म्हटलं, "बसनं आलेला सेवुसेवु चालतो का?"

"नाही चालत. पुढे नवरीही पार्सलनं येईल. पण मुलगी आपली आहे, शिकवायची राहून गेली, दोष आपला. चल, उठ."

मग तुझं पत्र वाचलं. ‘बसंतीची मुलगी’ इथे मी कागद तोमासीकडे दिला, पुढचं त्यानं वाचलं. त्यानं जुडीला हात लावला, जशी रीत आहे तशी ती घेतली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

काल शनिवार. तानोआ उचलून आम्ही पाचजण चौकात गेलो, सोबत स्टँड सोडून गेलेले दोघं आले. कारंज्याच्या कोरड्या कट्ट्याजवळ चटई टाकली, वर तोमासीच्या आवारातली ताडपत्री बांधली. सगळे आमच्याकडे बघत होते, मला फार अवघडल्यासारखं झालं. अर्धा तास कोणी आलं नाही. मग वासेमाका रस्ता ओलांडून आली, डोक्यावर अळूकंदांची टोपली. टोपली माझ्या गुडघ्याशी आदळली.

"पाच महिने कुठे मेला होतात? ह्याच्याकडे बघा, मी आले." आणि गेली, पंधरा मिनिटं आलीच नाही. मी तिच्या टोपलीतले तीन गड्डे विकले. दुपारपर्यंत ताडपत्रीखाली नऊ पोती होती. एका पोरानं कारंज्यातली पाकिटं काढून त्यात क्रिकेट सुरू केलं. माणसं मी मोजली नाहीत, ते तुझं काम.

खांब पुढच्या शनिवारी रोवायचेत. जुने खड्डे आता फरशीखाली गेले, नव्यानं जागा धरावी लागेल. दुपारी बारा ते तीन सावली पोत्यांवर पडली पाहिजे, ड्रायव्हरांवर नाही पडली तरी चालेल. हे गणित मला येत नाही. ते मागच्या सीटवर बसून करायचं असतं.

पहिली करवंटी भरली तेव्हा तोमासी म्हणाला, ही जिनं आणली तिची. तू नव्हतीस, म्हणून तुझ्या नावानं मी प्यायलो. आधी एक टाळी, नंतर तीन. पण असं एकदाच चालतं. दुसरी करवंटी ज्याची त्यानंच येऊन प्यायची. शुक्रवारच्या दुपारच्या बसनं ये, टॅक्सी घेऊन स्टँडवर उभा आहे.

तुझा
मामा